एकवीस किलोमीटर, एकवीस रुपये आणि मागे घेतलेला एक फोटो

घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या एका लहान संस्थेच्या गाडीसाठी निधी जमवतानाचं हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आहे. मी त्यात खजिनदार म्हणून होतो, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक ज्या कागदामुळे झाली तो कागद मीच तयार केला होता. माणसांची ओळख पटू नये म्हणून वयं, काही गावं आणि काही बारकावे बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. बोलणं बहुतेक कोकणीत झालं, इथे ते मराठीत दिलं आहे.

पार्श्वभूमी

आमची संस्था लहान आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायची, एवढंच तिचं काम. दोन परिचारिका, एक मदतनीस, आणि फोंडा व धारबांदोडा तालुक्यांत मिळून ३८ घरं. जखमेची मलमपट्टी, लघवीची नळी बदलणं, रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं हे घरच्यांना शिकवणं, आणि पुष्कळदा नुसतं पाच मिनिटं टेकून बोलणं. गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून, रुग्णाला घरी सोडतात तेव्हा घरच्यांच्या हातात कागद असतो, पण पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दोन वाजता काय करायचं, हे कागद सांगत नाही. ते सिस्टर सांगते.

या कामाला एक जुनी व्हॅन होती. मे महिन्यात ती कायमची बंद पडली. पावसाळा तोंडावर आलेला, आणि धारबांदोड्याकडच्या वाड्यांवर सामान घेऊन दुचाकीवर जाणं जूननंतर अवघड. जुनीच पण धड गाडी, विमा आणि वर्षभराचं इंधन मिळून ३,७०,००० रुपयांचा अंदाज निघाला.

त्याच सुमारास एक बाई आमच्याकडे आली; इथे तिला ताई म्हणतो. वय ४७, एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल. तिचे वडील शेवटचे पाच महिने आमच्या यादीत होते. ते गेल्यावर घरात तिला झोप लागेना, म्हणून पहाटे उठून चालू लागली. चालण्याचं धावणं झालं, आणि दोन वर्षांत फर्मागुडीच्या पठारावर पहाटे सव्वापाचला जमणाऱ्या नऊ जणांच्या गटात ती पक्की झाली. डिसेंबरमधल्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये तिने नाव घातलं होतं. म्हणाली, "बाबांच्या वेळी सिस्टरला मी एकदाही नीट काही बोलले नाही. आता हे २१ किलोमीटर तुमच्या गाडीसाठी धावते."

तिच्यासमोर उदाहरण होतं टेरी फॉक्सचं. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पाय लावून धावायला निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक कॅनडावासीयाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, असं त्याचं मागणं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण आजार फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याचा निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. ही गोष्ट तिने आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितली. त्या गोष्टीतला एक धागा मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच हाती लागला नाही. टेरी फॉक्स स्वतःची गोष्ट सांगत होता.

अडचण

जुलैच्या पहिल्या तीन आठवड्यांत १४ जणांकडून ६१,००० रुपये आले आणि मग सगळं थंडावलं. आवाहनात गाडीचं चित्र होतं आणि धावण्याचे आकडे होते. एका विश्वस्तांनी सांगितलं, "लोकांना माणूस दिसला पाहिजे." ते बरोबरच वाटलं.

आमच्या यादीत एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, होता. वय ३४. माडावरून पडून कण्याला मार बसलेला, कमरेखाली संवेदना नाही. घरात बायको आणि सातवीतली मुलगी. सिस्टर तीन वर्षं दर मंगळवारी त्यांच्याकडे जात होती. मी संमतीपत्र लिहिलं, सिस्टर ते घेऊन गेली, नवरा-बायको दोघांनी सही केली. खाटेवर तो, उशाशी बायको, असा फोटो काढला. खाली आम्ही लिहिलं की तुमच्या मदतीबद्दल हे कुटुंब आयुष्यभर कृतज्ञ राहील. कुटुंब असं काही बोललं नव्हतं. ते वाक्य आमचं होतं.

दहा दिवसांत ८४,००० रुपये आले. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठे कुठे गेला, ते आम्हाला कळलंही नाही. अकराव्या दिवशी त्याच्या बायकोने फोन केला, तोही संस्थेला नाही, धावणाऱ्या ताईला. मुलीच्या वर्गात कुणीतरी तो फोटो दाखवला होता. मुलगी चार दिवस शाळेत गेली नव्हती.

"ताई, सही आम्ही केली, तुमची काही चूक नाही," ती म्हणाली. "पण कागद सिस्टरने आणला. तिला नाही कसं म्हणणार? ती यायची थांबली तर?"

सिस्टर थांबली नसती. पण प्रश्न तिच्या स्वभावाचा नव्हता. तीन वर्षं ज्या हातांनी तुमच्या माणसाची जखम धुतली त्याच हातांनी कागद पुढे केला, तर त्यावरच्या सहीला संमती म्हणता येत नाही. मी लिहिलेल्या कागदात 'स्वेच्छेने' हा शब्द दोनदा होता.

निर्णयाची पहिली वेळ: फोटो

त्याच संध्याकाळी बैठक झाली. एक सूचना आली की चेहरा पुसट करून फोटो ठेवावा. दुसरी, की त्यांचा काढून दुसऱ्या एखाद्या रुग्णाचा घ्यावा, एका आजींची तयारी होती म्हणे. तिसरी, की एकही रुग्ण नको. पुसट चेहरा गावात लगेच ओळखू येतो; खाट, भिंत, उशाशी बसलेली बायको, सगळं तेच. आजींच्या तयारीबद्दल ताईने एकच विचारलं, "त्यांना कुणी विचारलं? सिस्टरनेच ना?"

फोटो काढला. तो ज्यांनी पुढे पाठवला त्यांतल्या ज्यांची नावं ठाऊक होती, त्यांना फोन करून पुसायला सांगितलं. ८४,००० रुपयांचं काय करायचं यावर बराच वाद झाला. शेवटी त्या दहा दिवसांतल्या प्रत्येक देणगीदाराला आम्ही कळवलं की फोटो आम्ही मागे घेतला आहे, का घेतला आहे, आणि पैसे परत हवे असतील तर सांगा. दोघांनी परत घेतले, मिळून ३,००० रुपये.

फोटोच्या जागी ताईने स्वतःची गोष्ट लिहिली. बाबांचे पाच महिने. आपल्याला आलेला राग, कंटाळा, एकदा बाबांवर ओरडलो ते. आणि सिस्टर निघताना आई दारात उभी राहून म्हणायची ते, "देव बरें करूं."

गोव्यात आपण सगळे हे रोज ऐकतो, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. देव तुझं भलं करो. यात मी तुझा ऋणी आहे असं काहीच नाही. मराठीत आपण 'आभार' म्हणतो आणि त्या शब्दाच्या पोटातच 'भार' बसलेला आहे. 'उपकाराचं ओझं' हा तर रोजच्या वापरातला शब्दप्रयोग. 'देव बरें करूं' म्हणणारा ओझं घेत नाही, देतही नाही. तो बरोबरीने उभा राहून शुभ चिंततो. आम्ही त्या पाडेलीच्या तोंडी घातलेलं वाक्य याच्या अगदी उलट होतं. मदत घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची वसुली करून ती देणगीदाराला पावती म्हणून द्यायची, असा तो व्यवहार झाला होता.

फोटो गेल्यावर पुढचे तीन आठवडे जवळजवळ काही आलं नाही.

निर्णयाची दुसरी वेळ: कोणाकडे मागायचं

एक मार्ग होता मोठ्या देणगीदारांकडे जाण्याचा, म्हणजे खाणीच्या ट्रकांचे जुने मालक, हॉटेलवाले, दोन-तीन व्यापारी. गाडीवर नाव रंगवायची अट दोघांनी आधीच घातली होती. दुसरा मार्ग गटातल्या एका शिक्षकाने सुचवला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. "एकवीस दूर्वा, एकवीस मोदक. आपले किलोमीटरही एकवीसच. एकवीस रुपये मागूया."

मी विरोध केला. कारण हिशेबाचं होतं. २१ रुपयांप्रमाणे दोन लाख उभे करायला साडेनऊ हजार माणसं लागतात. शिवाय नाव-पत्ता न घेता घेतलेली देणगी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की संस्थेला त्यावर ३० टक्के कर भरावा लागतो, म्हणून प्रत्येक २१ रुपयांमागे नाव-गाव लिहिणं आलं. ताई म्हणाली, "लिहूया ना. ग्रंथपालाला नोंदी करायचा कंटाळा नसतो." मग दोन्ही मार्ग धरायचे ठरलं. मोठ्या देणग्या घ्यायच्या, पण गाडीवर कुणाचंही नाव येणार नाही, हे आधी सांगून.

पाच वह्या केल्या. एक शाळेत, एक शिंप्याच्या दुकानात, एक पातळभाजी-पाव मिळणाऱ्या हॉटेलच्या गल्ल्यावर, एक कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, एका कंडक्टरकडे, आणि एक म्हार्दोळला देवळासमोर जाईच्या फुलांच्या माळा विकणाऱ्या बायकांकडे. रकाने चार होते: तारीख, नाव, गाव, रक्कम.

म्हार्दोळच्या वहीत चौथ्या दिवशी पाचवा रकाना आला. एका फुलकारणीने २१ रुपये दिले आणि म्हणाली, "माझं नको, आईचं लिही. साडेचार वर्षं अंथरुणावर होती." लिहिणारीने समासात लिहिलं: आईसाठी. पुढच्या बाईने ते वाचलं आणि सासऱ्याचं नाव सांगितलं. आठवड्याभरात इतर वह्यांतही, कुणी न सांगता, तीच गोष्ट होऊ लागली. आजोबा. थोरली जाऊ. मोठा भाऊ, २३ वर्षांचा. 'शेजारची काकी, तिला कोण नव्हतं.' एका वहीतली ओळ मी अजून विसरलेलो नाही: 'माझ्या बायकोसाठी, तिने माझ्या आईला उचललं.'

मी दर शनिवारी वह्या जमवून बेरीज करायचो. पहिल्या दोन शनिवारी बेरीजच केली. तिसऱ्या शनिवारी वाचत बसलो. पंचवीस वर्षं फोंड्यात राहून ज्या दुकानांवरून रोज जातो, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एक खाट होऊन गेली होती आणि ती कुणीतरी सांभाळली होती. आम्ही लोकांना दया करायला सांगत होतो. लोक मात्र आपापल्या घरातल्या त्या सांभाळणाऱ्या माणसाचं स्मरण करत होते.

याचा परिणाम आमच्या आभार मानण्याच्या पद्धतीवर झाला. तोपर्यंत ५,००० च्या वर देणाऱ्यांची नावं आम्ही जाहीर करत होतो. ते बंद केलं. त्यावर एक मोठे देणगीदार नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला समजते; त्यांनी मनापासून दिलं होतं आणि नाव येणार असं आम्हीच सांगितलं होतं. आधी शब्द देऊन मग नियम बदलायला नको होता.

मध्येच एक परदेशातली देणगी

ताईच्या शाळासोबतीने इंग्लंडहून ५०,००० रुपये द्यायची तयारी दाखवली. जन्माने, भाषेने, मनाने फोंड्याचाच, पण आता पोर्तुगीज पासपोर्ट. गोव्यात हे घरोघरी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ते नागरिकत्व नोंदवता येतं. पण २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाची देणगी, तो मूळचा भारतीय असला तरी, परदेशीच ठरते आणि त्यासाठीची नोंदणी आमच्याकडे नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून बाहेर राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. कुणाच्या तरी भारतीय खात्यातून फिरवून घ्यायची सूचना आली, ती लगेच फेटाळली. पैसे नाकारले. हा प्रश्न आवाहनात पहिल्याच दिवशी लिहायला हवा होता: पासपोर्ट कोणता?

निर्णयाची तिसरी वेळ: पाय

फोटोचं प्रकरण झाल्यावर ताईचं धावणं बदललं, हे गटातल्यांना दिसत होतं. आठवड्याला २२ किलोमीटर धावणारी बाई चार आठवड्यांत ४० वर गेली. ऑक्टोबरचा उकाडा, पहाटेही अंगातून धारा. विचारलं तर म्हणायची, एवढ्या लोकांनी पैसे दिलेत. मला वाटतं ती स्वतःला शिक्षा करत होती. त्या मुलीचे शाळा बुडालेले चार दिवस ती पायांनी फेडत होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उजव्या नडगीत एका ठिकाणी बोट ठेवलं तरी कळ येऊ लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हाडावर ताण आला आहे, अजून भेग नाही. किमान सहा ते आठ आठवडे धावणं बंद. शर्यत पाच आठवड्यांवर.

ती ऐकेना. टेरी फॉक्स दुखणं घेऊनच धावला, म्हणाली. आमच्यापैकी कुणाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं ते त्या पाडेलीचं.

फोन आल्यापासून ती महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जात होती, सिस्टरबरोबर नाही, एकटी. मुलीला पुस्तकं नेऊन द्यायची. त्या दिवशी ती लंगडत अंगणात शिरली ते त्याने खाटेवरून पाहिलं आणि कुठे दुखतं ते विचारलं. तिच्या सांगण्याप्रमाणे, तिने त्याला सगळं सांगितलं, पैशांचंही. तो म्हणाला, "माडाला पाय लावला आणि पाय बरोबर वाटला नाही, तर त्या दिवशी उतरायचं. आमचा बापूस सांगायचा. त्या दिवशी खोड ओलं होतं. खाली मालक उभा होता, बाजाराला उशीर होतो म्हणून. मला उतरायला लाज वाटली."

तो असं आमच्याशी कधी बोलला नव्हता. तीन वर्षांत सिस्टरशीही नाही. आमच्या कागदावर तो 'कण्याची दुखापत, कमरेखाली पक्षाघात' होता. दिवसाला चाळीसेक माड चढणारा, झाडाचा स्वभाव खोडावरून ओळखणारा माणूस आम्हाला ठाऊक नव्हता. फोटोतही तो नव्हताच.

ताईने शर्यतीतून नाव मागे घेतलं. पर्याय आणखी होते: दहा किलोमीटर चालणं, किंवा काहीच न सांगता गटातल्या कुणी तिच्या जागी धावणं. तिने सगळ्या देणगीदारांना चार ओळी लिहिल्या. पाय दुखावला आहे, डिसेंबरात धावणार नाही, बरा झाल्यावर २१ किलोमीटर पूर्ण करीन, पैसे परत हवे असतील तर द्यायची तयारी आहे. पाच वह्या जिथे होत्या तिथे ती स्वतः जाऊन हे सांगून आली. हॉटेलवाल्याने तिला बसवून चहा दिला. पैसे कुणी परत मागितले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी ती पाण्याच्या टेबलामागे उभी होती. मार्चमध्ये, शिगम्याच्या आधीच्या रविवारी, पहाटे साडेचारला तिने फर्मागुडी ते मंगेशी अशा खेपा घालून धावत-चालत २१ किलोमीटर पूर्ण केले. बरोबर गटातले सहा जण होते. पाठीवर क्रमांक नव्हता.

काय साधलं

सतरा मोठ्या देणग्यांतून १,८३,०००, मधल्या ६१ जणांकडून ७८,५००, आणि वह्यांतून १,४८६ जणांचे ३१,२०६ रुपये. एकूण २,९२,७०६. उद्दिष्टापेक्षा ७७,२९४ कमी. जानेवारीत जुनी व्हॅन २,३५,००० ला मिळाली. नावावर करणं, विमा आणि टायर मिळून ३१,००० गेले. उरलेल्या २६,७०६ रुपयांत इंधनाचे काही महिने निघाले, पुढचं संस्थेने आपल्या रोजच्या खर्चातून धरलं.

आभारपत्राऐवजी दर महिन्याला आम्ही गाडीचा हिशेब पाठवतो: किती किलोमीटर, किती घरं, किती खर्च. रुग्णाचं नाव नाही, फोटो नाही. पाचही जागी तो कागद चिकटवतो, कारण २१ रुपये देणाऱ्यांचे फोन क्रमांक आमच्याकडे नाहीत. जे साधलं नाही तेही लिहायला हवं. तो फोटो अजून कुठेतरी फिरतो आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी तो मला पाठवला, मदत करा म्हणून.

पुन्हा करायचं झालं तर

रुग्णाची संमती सेवा देणाऱ्याने मागायची नाही. ती मागायची तर बाहेरच्या माणसाने, आठवड्याचा अवधी देऊन, आणि नाही म्हटलं तर सिस्टरला ते कळणारसुद्धा नाही, अशा रीतीने. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर मागूच नये, या मताला मी आलो आहे. दोन विश्वस्तांना हे अजून पटलेलं नाही. निधी एका शर्यतीच्या तारखेला आणि एका माणसाच्या पायाला बांधायचा नाही. गटाने मिळून किलोमीटर वाटून घेतले असते तर ताईवर ते ओझं आलं नसतं. आणि तिची चौकशी आम्ही ऑगस्टमध्येच करायला हवी होती, गाडीची करत होतो तशी.

एक बदल लगेच केला. प्रत्येक घरात संस्थेच्या कार्यालयाबाहेरच्या एका माणसाचा फोन नंबर दिला. तक्रार असेल तर सिस्टरला नाही, इथे सांगा. पाच महिने त्या फोनवर कुणीच काही बोललं नाही. सगळे म्हणायचे, सिस्टर देवमाणूस आहे.

जूनमध्ये पहिला फोन आला, पाडेलीच्या बायकोचा. सलग दोन मंगळवार सिस्टर दीड तास उशिरा आली, त्यामुळे त्याची आंघोळ आणि जेवण दोन्ही रखडलं, आता गाडी आहे तर वेळेवर यायला काय होतं, आणि मंगळवारऐवजी गुरुवार मिळेल काय. मी वहीत तारीख घातली आणि तिचे शब्द तसेच उतरवून घेतले. सिस्टर आता गुरुवारी नऊला जाते.